भिंतीवरचं चिकट कार्ड

पोरगी शाळेतून आली ती दोन्ही हात पुढे धरूनच आली. बोटांनी एक कार्ड कडेकडेनं धरलेलं, जसं काय त्यावर गरम वरण ठेवलंय. मी दारात बसून कांड्या भरत होते. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात घालतात ती सुताची नळी, मशीनवर भरायची, पेटी भरली की शेडमध्ये द्यायची. मी म्हटलं, "काय आणलंस गं बाय?"

"हात लावू नको मम्मी. बाईंनी सांगितलंय, कोणीच हात लावायचा न्हाय. सात दिवस."

कार्ड कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेचं कापलेलं, कोऱ्या बाजूला गोल काढून त्यात व्हॅसलिन फासलेलं. वर भोक, भोकात लोकर. जिथं आपण झोपतो तिथं डोक्याच्या उंचीवर टांगायचं. हवेत जे काय हाय ते येऊन त्याला चिकटणार. सात दिवसांनी शाळेत न्यायचं, सगळ्या वर्गानं आपापलं आणायचं.

"अन् मंग?"

"मंग भिंगातून बघायचं अन् मोजायचं. बाई ट्रेनिंगवरून शिकून आल्यात."

ते ट्रेनिंग मला माहीत होतं. दिवाळीनंतर बाई पाच दिवस शाळेत नव्हत्या अन् आम्ही सगळ्या बाया गेटवर उभ्या राहून बोललो होतो, की शिकवायचं सोडून ह्या शिकायला कशाला जातात. मी पण बोलले होते. पाच दिवस पोरं दुसऱ्या वर्गात कोंबलेली, वही कोरी. पण परत आल्यावर बाईंनी शाळेतली ती प्रयोगाच्या सामानाची पेटी उघडली. तशी पेटी सगळ्या शाळांत असते. आमच्या गावच्या शाळेत तर अख्खं कपाट होतं, काचेतून आतल्या नळ्या दिसायच्या, एक चुंबक, एक दिवा. सर वर्षातून एकदा उघडायचे, मोजायचे, पुसायचे, परत कुलूप लावायचे. फुटलं तर जबाबदार कोण, म्हणायचे. पुस्तकात लिहिलेलं असायचं, एक ग्लास घ्या, त्यात पाणी घ्या. आम्ही ते पाठ करायचो. ग्लास घ्या हे पण पाठ. मी आठवीत दोन महिने गेले अन् मंग घरी बसवलं, त्या कपाटातली एक नळी पण कधी माझ्या हातात आली न्हाय.

म्हणून पोरगी सांगायला लागली की मी ऐकत बसायचे. ती म्हणायची, बाईंना पण तिथं जमिनीवर बसवलं होतं, बाईंकडून पण सगळं करून घेतलं. "बाईंचं पण पहिल्यांदा न्हाय जमलं मम्मी. तिसऱ्यांदा जमलं. त्यांनीच सांगितलं." हे तिला फार आवडलं होतं.

कार्ड आम्ही आतल्या भिंतीला लावलं, खिळ्याला.

ती भिंत म्हणजे लूमच्या शेडची भिंत. कामतघरला आमची खोली चाळीतली शेवटची, एका बाजूला शेजारी अन् एका बाजूला लूम. भांड्यांची झाकणं दिवसभर आपोआप वाजत असतात. लाईट गेली की लूम बंद होतात अन् झोपलेली पोरगी त्या शांततेनं जागी होते. वर एक झरोका हाय, शेडमध्ये उघडतो, मी त्यात गोणपाट कोंबलेलं. तरी सकाळी झाडू मारला की मूठभर करडी लव निघायची, सुताची. मी गोळा करायची अन् फेकायची. आठ वर्षं फेकली. कधी विचार न्हाय केला की जी जमिनीवर पडली न्हाय ती कुठं गेली.

मला दोन वर्षांपासून दम लागतो. नळावरून दोन बादल्या आणताना मध्ये एकदा थांबावं लागतं, छातीत बारीक शिट्टी वाजते. पोरीचा खोकला पाऊस संपल्यापासूनचा. सकाळी उठायची ती बसूनच राहायची, पुढे वाकून, एक हात छातीवर. मी हळद-दूध द्यायची, म्हणायची थंडी हाय. गल्लीतल्या डॉक्टरनं एकदा विचारलं होतं, घरात कोण लूमवर हाय का. मी म्हटलं न्हाय, हे मानकोलीला गोडाऊनमध्ये जातात. ते खरंच हाय. पण मी कांड्या भरते अन् खोली लूमच्या शेटची हाय, शेडची भिंत आमच्या उशाला हाय, ते मी सांगितलं न्हाय. का न्हाय सांगितलं, तर भीती. मला कोणी काय विचारलं की आधी न्हाय म्हणायची सवय हाय.

तिसऱ्या दिवशी कार्ड करडं झालं. पाचव्या दिवशी त्यावर लव उभी राहिली, मांजराच्या पाठीसारखी. मी भाकरी थापता थापता तिकडं बघायची अन् माझा हात थांबायचा. पोरगी मात्र खूश. रोज स्टुलावर चढून बघायची.

"माझं सगळ्यात काळं होणार मम्मी. त्या तीन नंबरच्या खोलीतलीचं पण एवढं न्हाय झालं. माझा पहिला नंबर."

"त्यात कसला नंबर असतो?"

"असतो. बाई तक्ता करणार हायत. सगळ्यात काळं ते पहिलं."

शनिवारी शेडचा मुकादम कांड्यांची पेटी न्यायला आला. तो यूपीचा, माणूस वाईट न्हाय, पोरीला चिक्की देतो कधीमधी. त्याला भिंतीवर ते दिसलं.

"भाभी, ये क्या लटकाया है? मच्छर पकड़ने का?"

"स्कूल का है," मी म्हटलं अन् पेटी पुढे सरकवली. पण पोरगी मध्येच आली. तिनं त्याला सगळं सांगितलं, व्हॅसलिन, भिंग, तक्ता. वर म्हणाली, मागे बघा, मी सगळं लिहिलंय. त्यानं एका बोटानं कार्ड उलटं केलं. मागे तिचं नाव, इयत्ता, चाळ, खोली नंबर, अन् खाली, लूम शेडची भिंत. त्याचं हसू गेलं.

"गिन के किसको देंगे?"

"बाईंना. बाई मोठ्या साहेबांना दाखवणार."

त्यानं पेटी उचलली. दारात थांबून हळू बोलला, पोरीला ऐकू जाऊ नये असं. "भाभी, पिछले साल कोई फोटो निकाल के ले गया था, आठ दिन शेड बंद रहा, याद है ना? मैं नहीं बोलूँगा। पर सेठ की नज़र पड़ी तो कमरा भी गया, कांडी भी गई।"

मला याद होतं. ज्याच्यावर फोटोचा संशय होता त्याची खोली आमच्यापासून तिसरी. त्याच्या बायकोची पाट्यावरवंट्यासकट सगळी भांडी रस्त्यावर, अन् ती त्यात बसून लहान पोराला पाजत होती. आता त्या खोलीत दुसरे आलेत.

हे ड्युटीवरून आल्यावर मी सांगितलं. हे बूट काढत होते.

"फेकून दे."

"सात दिवस ठेवायला सांगितलंय बाईंनी."

"बाई येणार हाय का खोली शोधायला आपल्याबरोबर? शाळेचं शाळेत ठेव म्हणावं. आमच्या घरातली हवा मोजायला कोणी सांगितलंय?" मंग पोरीकडं बघून आवाज जरा खाली आणला. "दे ना तिला दुसरं कायतरी. पांढरं नेलं तर काय मारणार हायत?"

ते त्यांनी असंच म्हटलं असेल. पण माझ्या डोक्यात तेच बसलं.

रविवारी दुपारी पोरगी शेजारी टीव्ही बघायला गेली. मी ट्रंकेतून एका लग्नाची पत्रिका काढली, कात्रीनं तेवढीच कापली, वाटी उलटी ठेवून गोल काढला, व्हॅसलिन लावलं. मंग कार्ड पालथं घालून मागे लिहायला बसले. किती वर्षांनी पेन धरला होता. ती र कसा लिहिते, ल ला कशी गाठ मारते, ते बघून बघून लिहिलं. नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, चाळ, खोली नंबर. शेवटची ओळ लिहिली न्हाय. दम लागला होता, नुसतं बसून.

जुनं कार्ड गॅसवर धरणार होते. पण त्यावर तिचं अक्षर होतं. मंग बिस्किटाचा पत्र्याचा डबा हाय आमचा, त्यात तिचा जन्माचा दाखला अन् माझं सातवीचं प्रगतीपुस्तक असतं, त्यात ठेवलं, लव दबू नये असं.

ती संध्याकाळी आली. मी म्हटलं, खाली पडलं होतं, पुसलं गेलं. तिनं खिळ्यावरच्या पांढऱ्या कार्डाकडं मान वर करून बघितलं. सोमवारी सकाळी स्टुलावर चढून ते काढलं. पुढून बघितलं. उलटं करून मागून बघितलं, बराच वेळ. मंग माझ्याकडं बघितलं. मी मशीन चालू केली, सूत तुटलं, परत जोडलं, परत तुटलं.

या वेळी तिनं ते कडेकडेनं धरलं न्हाय. दप्तरात पुस्तकांच्या मध्ये घातलं अन् गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी शाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या. ट्रेनिंगमध्ये त्यांनी बाईंना श्वासाबद्दल शिकवलं होतं, बाईंनी त्यांना तक्त्याचा फोटो पाठवला अन् त्या स्वतःहून आल्या. पण अर्धाच दिवस होता त्यांच्याकडं. मंग बाईंनी तक्त्यावरच्या सगळ्यात काळ्या कार्डांची आठ-नऊ पोरं निवडली. डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासली, एका नळीत फुंकायला लावलं. जोरात फुंकलं की आतला काटा वर सरकतो.

पोरगी घरी आली अन् दप्तर न काढता सांगायला लागली, कोणी किती वर नेला. तीन नंबरच्या खोलीतलीचा अर्ध्यावर पण न्हाय गेला, तिला दम्याचा पंप दिला अन् मोठ्या दवाखान्यात बोलावलंय.

"अन् तुझा?"

"मला न्हाय बोलावलं. माझं पांढरं होतं ना."

माझं म्हणाली ती. तिला बाईंना सांगता आलं असतं, की हे माझं न्हाय. तिनं सांगितलं न्हाय. नऊ वर्षांची पोर, अन् माझ्यासारखं गप्प बसायला शिकली होती. त्या दिवशी तिनं जेवता जेवता खोकला आला तर तोंडावर ओढणी धरली माझी.

मी बाईंना जाऊन सांगायचं रोज ठरवलं. रोज गेटपर्यंत गेले. एक दिवस बाईच पुढे आल्या. बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील.

"ताई, बरं झालं भेटलात. तुमच्याशी काम आहे. तुमची चाळ लूमला लागून, तरी तुमच्याच घरातलं कार्ड सगळ्यात स्वच्छ निघालं. मी तर बघतच राहिले. आमची शिक्षण परिषद आहे शुक्रवारी, आसपासच्या शाळांचे शिक्षक येतात. तिथे मी हा प्रयोग सांगणार आहे. तुम्ही येऊन दोन मिनिटं सांगाल, घर कसं ठेवता ते? बाकीच्या आयांना उपयोग होईल."

मी मान हलवली. न्हाय म्हणायची सवय असून त्याच वेळी न्हाय निघालं न्हाय.

शुक्रवारी मी पिशवीत तो डबा घातला. दाखवीन का न्हाय ते ठरलं नव्हतं. नुसता घेतला. परिषद दुसऱ्या शाळेत होती, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात तीनदा थांबले. वर मोठ्या वर्गात शिक्षकच शिक्षक, पोरांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसलेले. कोणी मोबाईलवर माहिती भरत होतं, एक मॅडम वह्या तपासत होत्या. माझ्या पुढच्या बाकावर दोन सर.

"मागच्या महिन्यात बाटलीतला ज्वालामुखी. या महिन्यात व्हॅसलिन. पुढच्या महिन्यात काय, शाम्पू?"

"तू कशाला काळजी करतो? तुला कुठं केस हायत?"

बाई उठल्या. तक्ता फळ्याला लावला. तीस-बत्तीस कार्डं, डावीकडं काळी, सरकत सरकत उजवीकडं पांढरी. शेवटचं माझं. बाई म्हणाल्या, ट्रेनिंग म्हणजे सही करायची, जेवायचं अन् घरी जायचं असं त्यांना पण वाटायचं. मंग तिथं त्यांनी स्वतःच्या घरी कार्ड टांगलं, अन् ते बघून दोन दिवस झोप लागली न्हाय. आता पोरं पुस्तक न उघडता धूळ कुठून येते ते विचारतात. पुढच्या बाकावरचे दोन्ही सर मान पुढे काढून तक्ता बघायला लागले. मंग बाईंनी मला पुढे बोलावलं.

मी उभी राहिले अन् तोंड उघडलं तर शब्द न्हाय, शिट्टीच आली. जिन्यातला दम उतरला नव्हता अन् वर भीती. वर्गात एवढी शांतता होती की ती शिट्टी मागपर्यंत ऐकू गेली असेल. बाईंनी खुर्ची ओढली. वह्या तपासणाऱ्या मॅडमनी मान वर केली, त्या वयानं मोठ्या होत्या.

"ताई, दमा आहे का तुम्हाला?"

"न्हाय."

"मग हे काय वाजतंय?"

मी पिशवी छातीशी धरली.

"घर एवढं स्वच्छ आणि छाती अशी," त्या म्हणाल्या. रागावून न्हाय, गणित सुटत नसल्यासारखं. "कसं काय?"

मी डबा काढला. त्याचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं, माझ्या बोटांत जोर नव्हता. तो शाम्पूवाल्यांतला एक सर उठून आला अन् त्यानं किल्ली घालून झाकण उचकटलं. आतलं कार्ड होतं तसंच होतं, लव उभी.

"हे पोरीचं हाय," मी म्हटलं. "ते मी केलंय. शेटच्या भीतीनं. तिला पण खोकला हाय, बाई, रोज सकाळी हाय. तिला नळीत फुंकायला पाहिजे होतं."

एवढंच बोलता आलं. बाईंनी दोन्ही कार्डं हातात घेतली. पुढून बघितली, मंग उलटी केली. पांढऱ्याच्या मागे माझ्या अक्षराखाली लाल पेनानं काय तरी लिहिलं होतं.

"मला वाटलं, तिचं अक्षर सुधारलं," बाई म्हणाल्या. "मी शाबास लिहिलं मागे."

कोण तरी हळूच म्हणालं, म्हणजे प्रयोग बाद. बाई फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "चूक माझी आहे. मागे पत्ता लिहायला मीच लावलं. ट्रेनिंगमध्ये आम्ही सगळ्यांनी आपापले पत्ते लिहिले होते, कोणाला काही झालं नाही. इथे काय होऊ शकतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही." मंग त्यांनी एकेक कार्ड काढलं अन् मागचे पत्ते काळ्या पेनानं खोडायला घेतले. त्या मोठ्या मॅडमनी वह्या बाजूला सारल्या अन् दुसऱ्या बाजूनं खोडायला लागल्या. पण कार्डांचे पुढून-मागून काढलेले फोटो आधीच मोठ्या साहेबांकडं गेलेले होते. बाईंनी ते पण मला सांगितलं, लपवलं न्हाय.

पोरीचं कार्ड तक्त्यावर लावायला डावीकडं जागा उरली नव्हती. ते टेबलावरच राहिलं.

डॉक्टरीणबाई परत कधी येतील ते बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, दोन वेळा लाईन लावून तिसऱ्या वेळी नंबर आला. तिला नळी दिली. ती किती दिवस वाट बघत होती त्या नळीची. गाल फुगवून, डोळे मिटून फुंकली. काटा थोडा सरकला अन् थांबला. परत फुंकली, तेवढाच. ती डॉक्टरकडं न बघता माझ्याकडं बघत होती. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. मंग मला म्हणाले, तुम्ही पण फुंका. माझा तिच्याहून खाली राहिला.

शेटला कोणी सांगितलं ते कळलं न्हाय. मुकादम न्हाय, असं मला वाटतं, तो खोली खाली करताना गोणी धरायला आला होता. म्हणाला, "भाभी, मैंने बोला था ना।" मी म्हटलं, "हां, बोला था।" ह्यांनी माझ्याशी बरेच दिवस धड बोलणं सोडलं.

आता आम्ही शेलारला राहतो, एकच खोली, पत्र्याची. कांड्या गेल्या. शाळा बदलली. इथल्या शाळेत पण ती पेटी हाय, पोरीनं बघितली, ऑफिसात कपाटावर ठेवलेली, सुतळी बांधलेली. ती पंप घेते सकाळ-संध्याकाळ, खोकला कमी हाय, गेलेला न्हाय. पळताना थांबते. मी पण घेते, आठवण राहिली तर.

शाळेनं न सांगता तिनं मागच्या आठवड्यात कार्ड केलं. व्हॅसलिन लावून खिळ्याला टांगलं, मागे नुसती तारीख लिहिली. नाव न्हाय, पत्ता न्हाय. हे कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, असंच. आज पाचवा दिवस. इथं लव न्हाय, रस्त्यावरच्या ट्रकांची तांबडी धूळ बसलीय, बऱ्यापैकी. ती शाळेत जाताना दारातून वळून बघते, आधी कार्डाकडं, मंग माझ्याकडं.

मी त्या भिंतीजवळ झाडू पण लांबूनच मारते.